सामू आणि अनुमापन: नीरेच्या खाऱ्या जमिनी, दोन प्रश्न आणि एक थेंब

थ्रेड.

१९०९ साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एस. पी. एल. सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने आम्लतेची एक नवी मोजपट्टी मांडली. जग तिला पीएच म्हणते. आपल्याकडचा शेतकरी तिला सामू म्हणतो. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने आपली एकोणचाळिसावी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे लेखक होते हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे, आणि विषय होता नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनी.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. कोपनहेगनची प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने उभारलेली होती. नीरेकाठची माणसे ऊस, पाणी आणि पांढरी पडत चाललेली रानं यांच्या विवंचनेत होती. तरीही आज वरकुट्यातला एखादा शेतकरी मातीची पिशवी घेऊन तपासणीला जातो, तेव्हा त्याच्या हाती येणाऱ्या कागदावर या दोन्ही परंपरा एकत्र नांदत असतात. त्यांच्यामध्ये उभे असते बारावीत आपण सर्वांनी घोकलेले एक गणित: तीव्र आम्लात तीव्र आम्लारी थेंबाथेंबाने घालत गेल्यास सामू कसा बदलतो?

हे गणित सूत्र म्हणून पाठ होते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे क्वचितच सांगितले जाते. आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे. थोडा लांबेल, थोडी आकडेमोडही येईल.

प्रथम स्थळ. वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द ही गावे इंदापूर तालुक्यात येतात. जमिनीच्या इतिहासात या तालुक्याचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या सुधारित रयतवारी मोजणीचा आरंभ येथूनच केला. त्या पद्धतीत जमिनीचा कस आण्यांत मांडला जाई. सोळा आण्यांची जमीन म्हणजे सर्वांत उत्तम. खोली किती, रंग कोणता, चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, पाणी आत मुरते का, हे पाहून आणे वजा होत. ही सारी परीक्षा डोळ्यांनी, हातांनी आणि कुदळीने होत असे. रसायनशास्त्राचा तिच्याशी संबंध नव्हता. तथापि ज्या जमिनीत पाणी मुरत नाही, तिला दोष मानण्याइतकी जाण त्या पद्धतीत होती. गावकऱ्यांकडे अशा जमिनीसाठी शब्दही होता: चोपण.

पुढे १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. त्यानंतरच्या काळात भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा ही कामे उभी राहिली. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेला हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून पूर्वेकडे जातो. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. हेतू दुष्काळनिवारणाचा होता. प्रत्यक्षात बारमाही पाण्याने ज्वारीपेक्षा उसाला अधिक बळ दिले. सासवडचे कसबी माळी बागाईतदार कालव्याच्या पाण्यामागे येथे आले आणि गुऱ्हाळे पेटली. (गुळाच्या काहिलीत चुन्याची निवळी किती घालायची हे गुळव्या रंग, फेस आणि वास यांवरून ठरवत असे. रसाची आम्लता मारण्याचे हे अनुमानच होते. फक्त त्याला नाव नव्हते आणि त्याची वही नव्हती.)

काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण सहजासहजी खाली सोडत नाही. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले भरमसाट पाणी यांमुळे भूगर्भातील पाण्याची पातळी वर सरकली. ती पृष्ठभागाजवळ आली की केशाकर्षणाने पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. दरवर्षी थोडे थोडे. मग एके दिवशी रानाच्या खोलगट भागात पांढरा थर दिसतो. त्या क्षारांत सोडियमचे प्राबल्य असेल तर पुढचा टप्पा अधिक वाईट असतो. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटतो, कण एकमेकांपासून सुटे होतात, मातीची घडण मोडते आणि पाणी मुरायचे थांबते. कालव्याच्या हिशेबात पाणी आणण्याचा खर्च काळजीपूर्वक मांडला गेला. ते पाणी काढून देण्याचा विचार फार उशिरा झाला, असे माझे मत आहे.

मॅन हे तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आसाम-बंगालच्या चहावर संशोधन करून ते पुण्यात आले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतात: पिंपळे सौदागरची पाहणी करून त्यांनी १९१७ मध्ये दख्खनच्या खेड्यातील जमीन आणि श्रम यांवर लिहिलेला ग्रंथ आजही वाचला जातो. पण मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ. नीरेच्या प्रश्नाकडे त्यांनी आणि ताम्हाण्यांनी त्याच दृष्टीने पाहिले.

त्या काळच्या कृषिरसायनज्ञाच्या टेबलावर सामू मोजणारे यंत्र असणे शक्य नव्हते. कल्पनाच एक वर्षाची होती. टेबलावर असे ती ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली आणि अंगावर मिलिलिटरच्या रेघा आखलेली उभी काचेची नळी. मातीतले क्षार पाण्यात उतरवायचे, त्यात ठरावीक तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे, रंग पालटला की थांबायचे आणि किती मिलिलिटर लागले ते वाचायचे. याला अनुमापन म्हणतात.

अनुमापनाचा प्रश्न एकच असतो: किती? आणि हा प्रश्न मुळात विज्ञानाचा नाही, व्यापाराचा आहे. अठराव्या शतकात युरोपात कापड शुभ्र करण्यासाठी, काच आणि साबण करण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला पोटॅश लागत असे. व्यापारी त्यात भेसळ करत. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी एक साधा उपाय सांगितला. पोटॅशवर विरल नायट्रिक आम्ल चमच्याने घालत जा आणि फसफसणे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजा. जितके चमचे अधिक, तितका माल अस्सल. १७६७ मध्ये विल्यम लुईस यांनी अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशची परीक्षा करताना फसफसण्याऐवजी लिटमसच्या रंगावर विसंबण्याची युक्ती योजली. फ्रान्समध्ये रूआँ येथील देक्रुआझी याने कापड-शुभ्रीकरणासाठी रेघा आखलेली नळी आणली. गे-ल्युसॅकने ब्युरेट आणि पिपेट ही नावे रूढ केली. १८५५ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिख मोर यांच्या ग्रंथाने या साऱ्याला शास्त्राची शिस्त दिली.

येथे एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो: ‘सुश्रुतसंहितेत हे सारे आहेच ना?’ सुश्रुताच्या क्षारपाकविधीत वनस्पतींच्या राखेपासून क्षार काढून तो चुन्याने तीक्ष्ण करण्याची कृती आहे, आणि क्षाराने भाजलेल्या जागी आम्ल पदार्थ लावल्यास त्याचा दाह शमतो हेही आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ च्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात याकडे आदराने लक्ष वेधले. म्हणजे उदासिनीकरणाची जाण निश्चित आहे. परंतु अमुक इतक्या क्षाराला तमुक इतके आम्ल लागते, हे मोजण्याचा हेतू तेथे नाही. वैद्याला दाह शमवायचा होता. त्याला अनुमापन म्हणणे हा सुश्रुतावरही अन्यायच होय.

आता ते गणित. चंचुपात्रात ०.१ मोलर तीव्रतेचे २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. ब्युरेटमध्ये तेवढ्याच, म्हणजे ०.१ मोलर तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड भरा. दोन्ही ‘तीव्र’ आहेत. याचा अर्थ पाण्यात पडताच त्यांचे जवळजवळ संपूर्ण आयनीभवन होते. आम्ल आपले सारे हायड्रोजन आयन मोकळे करते, आम्लारी आपले सारे हायड्रॉक्साइड आयन. दोन्ही भेटले की पाणी होते. त्यामुळे हिशेब अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

आरंभी पात्रात २.५ मिलिमोल आम्ल आहे. हायड्रोजन आयनांची तीव्रता ०.१, म्हणजे दहाचा उणे पहिला घात. सामू म्हणजे त्या घाताचे चिन्ह बदलून आलेली संख्या. म्हणून सामू १.

आता १० मिलिलिटर आम्लारी सोडले. १ मिलिमोल खर्च झाला, १.५ उरला. परंतु पात्रातले आकारमान आता ३५ मिलिलिटर आहे. परीक्षेत सर्वाधिक गुण जातात ते येथे, कारण मुले २५ नेच भागतात. १.५ भागिले ३५ म्हणजे ०.०४२९, सामू १.३७. पहा, दोन पंचमांश आम्ल मारले आणि सामू जेमतेम एक तृतीयांश एककाने हलला.

२० मिलिलिटरला शिल्लक ०.५ मिलिमोल, आकारमान ४५, सामू १.९५. चार पंचमांश आम्ल संपले तरी सामू अजून दोनवरही पोहोचलेला नाही. २४ ला २.६९. २४.९ ला ३.७०. आता फक्त दोन थेंब उरले आहेत.

ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर असतो. २४.९५ ला शिल्लक आम्ल ०.००५ मिलिमोल, आकारमान ४९.९५. तीव्रता दहाचा उणे चौथा घात, सामू ४.००. पुढचा थेंब पडला की २५.००. आम्ल संपले, आम्लारीही संपले. पात्रात उरले मीठ आणि पाणी. हायड्रोजन आयन आता फक्त पाण्याच्या स्वतःच्या विघटनातून येतात, आणि सामू ७. आणखी एक थेंब, २५.०५. आता जास्तीचे आम्लारी ०.००५ मिलिमोल. हायड्रॉक्साइडची तीव्रता दहाचा उणे चौथा घात. २५ अंश सेल्सिअसला हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड यांच्या तीव्रतांचा गुणाकार दहाचा उणे चौदावा घात इतका स्थिर असतो, म्हणून सामू चौदा उणे चार, म्हणजे १०.००.

चोवीस पूर्णांक पंच्याण्णव मिलिलिटरांत सामू तीन एककांनी हलला होता. नंतरच्या दोन थेंबांत तो सहा एककांनी उडाला. सहा एकके म्हणजे हायड्रोजन आयनांची तीव्रता दहा लाख पटींनी घसरली. पुढे पुन्हा संथपणा: २६ ला ११.२९, ३० ला ११.९६, ५० ला १२.५२. आलेख काढला तर मधे सरळसोट कडा, आणि दोन्हीकडे पठार. सह्याद्री पाहिलेल्याला निराळे सांगायला नको.

एक उपकथन. हायड्रोक्लोरिक आम्ल पाणी घालून दहाच्या उणे आठव्या घातापर्यंत विरल केले, तर सामू किती? यांत्रिकपणे उत्तर येते ८. म्हणजे आम्ल घातलेले पाणी क्षारधर्मी निघाले! येथे पाण्याचे स्वतःचे आयन आम्लापेक्षा अधिक असतात, त्यांना हिशेबात घ्यावेच लागते. मग वर्गसमीकरण सोडवल्यावर उत्तर येते ६.९८. आणखी एक गोष्ट: ७ हा अंकही पवित्र नाही. तापमान वाढले की पाण्याचे विघटन वाढते. ४० अंशांना, म्हणजे इंदापूरच्या वैशाखातल्या दुपारी, शुद्ध उदासीन पाण्याचा सामू ६.८ च्या आसपास असतो. ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते, मधला टप्पाच सरकलेला असतो.

आता इतिहासाकडे परत. या कड्यानेच एक मोठे कोडे सुटते. लुईसपासून मोरपर्यंत आणि पुढेही शंभराहून अधिक वर्षे लोक अचूक अनुमापन करत होते. त्यांच्यापाशी सामूची कल्पना नव्हती, द्रावणातील आयनीभवनाची कल्पनाही १८८० च्या दशकात अऱ्हेनियसने मांडली. मग त्यांची उत्तरे बरोबर कशी येत? कारण ४ ते १० यांच्या मधला कडा इतका उभा आहे की कुठेही रंग पालटला तरी चूक एका थेंबाची. लिटमस ५ ते ८ च्या मधे बदलतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या पुढे गुलाबी होते. त्यांचे रंग वेगवेगळ्या ठिकाणी पालटतात, पण ब्युरेटवरचे वाचन जवळजवळ एकच येते. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या जोडीत दर्शकाची निवड चुकली तरी निसर्ग सांभाळून घेतो. यशस्वी होण्यासाठी ‘किती तीव्र’ हे ठाऊक असण्याची गरजच नव्हती, म्हणूनच तो प्रश्न इतकी वर्षे कुणी नेटाने विचारला नसावा.

अडचण सुरू झाली दुर्बल आम्लांपाशी. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचे, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचे, २५ मिलिलिटर घ्या. त्यालाही नेमके २५ मिलिलिटरच सोडियम हायड्रॉक्साइड लागते. अनुमापन सांगते: दोन्ही आम्ले समान. पण आरंभीचा सामू पहा. हायड्रोक्लोरिकचा १, ॲसेटिकचा २.८८. एकाने सारे हायड्रोजन आयन बाजारात आणले आहेत, दुसऱ्याने बहुतेक घरात दडवून ठेवले आहेत आणि मागणी येईल तसे एकेक बाहेर काढतो. ब्युरेट तिजोरीसह सारी मालमत्ता मोजते. सामू फक्त त्या क्षणी हातात खुळखुळणारी नाणी मोजतो.

सोरेनसेनला ही नाणी मोजायची होती, कारण तो विकरांचा अभ्यास करत होता. विकरांचे काम एकूण आम्लावर अवलंबून नसते, मोकळ्या हायड्रोजन आयनांवर असते. बिअर करणाऱ्यांसाठी हा पोटापाण्याचा विषय होता. अनुमापन करू जाल तर आम्लारी घालता घालताच दडलेले आयन बाहेर येतात आणि मूळ स्थिती नष्ट होते. म्हणून त्याने विद्युत-पद्धतीने आणि प्रमाणित द्रावणांशी रंग ताडून तीव्रता मोजली, आणि शून्यांची लांबलचक माळ टाळण्यासाठी घातांकच संख्या म्हणून वापरला. त्याने त्याला ‘हायड्रोजन आयन घातांक’ असे म्हटले. पीएचमधल्या ‘पी’चा नेमका अर्थ काय, यावर मात्र अभ्यासक आजही भांडतात.

याच प्रयोगशाळेत सोरेनसेनच्या आधी त्याच पदावर योहान केल्डाल होता. १८८३ मध्ये त्याने धान्यातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. पदार्थ गंधकाम्लात शिजवायचा, निघालेला अमोनिया आम्लात पकडायचा आणि उरलेले आम्ल अनुमापनाने मोजायचे. आजही माती-परीक्षणात त्याचे नाव रोज घेतले जाते. म्हणजे एकाच खुर्चीवर लागोपाठ बसलेल्या दोन माणसांनी एकाने ‘किती’ आणि दुसऱ्याने ‘किती तीव्र’ या प्रश्नांना त्यांची आजची रूपे दिली. विज्ञानाच्या इतिहासात असा नीटस योगायोग क्वचितच भेटतो.

१९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी सुटसुटीत यंत्र बनवले, आणि सामू मोजणे एका काडीचे काम झाले. त्याच दशकात आपल्या खोऱ्यातही हालचाल होती. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक विशेष विभाग स्थापन केला होता, तोच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल संशोधन संस्था बनला. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांखालील मातीचे वर्गीकरण करताना खाऱ्या आणि चोपण जमिनींचा वेगळा विचार केला.

आजच्या माती-अहवालात सामू ८.५ ही रेघ ओढलेली असते. तिच्या वर गेलेली आणि सोडियमचे प्रमाण जास्त असलेली माती चोपण. ही रेघ का? आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी मुबलक आहे. हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सान्निध्यात चुनखडी मातीचा सामू सव्वाआठ-साडेआठच्या पलीकडे सहसा नेऊ शकत नाही. त्याच्या वर आकडा गेला, तर मातीत सोडियम कार्बोनेट आहे असा संशय घ्यावा. सामू येथे ज्योतिषी नाही, पण खबऱ्या उत्तम आहे.

आता खरा पेच. समजा वरकुट्यातल्या एका एकराच्या मातीचा सामू ९ आला. फक्त या आकड्यावरून उपाय काढायचा ठरवला तर? वरच्या १५ सेंटिमीटर थराचे आकारमान सुमारे ६०० घनमीटर. त्यात ४० टक्के पाणी धरले तर सुमारे २ लाख ४० हजार लिटर. सामू ९ म्हणजे हायड्रॉक्साइडची तीव्रता दहाचा उणे पाचवा घात. एकूण हायड्रॉक्साइड २.४ मोल. ते मारायला बाजारात मिळणारे १२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागेल फक्त २०० मिलिलिटर. एक पेला! एका पेल्यात एकर सुधारले असते, तर नीरेच्या खोऱ्याला शंभर वर्षे झगडावे लागले नसते.

चंचुपात्रातला तो कडा मातीत नसतो, म्हणून हे उत्तर हास्यास्पद ठरते. पात्रात फक्त आम्ल, आम्लारी आणि पाणी होते. मातीत चुनखडी आहे, कार्बोनेट आहेत, आणि चिकणमातीच्या कणांवर चिकटलेल्या सोडियमचा प्रचंड साठा आहे. तुम्ही हातातली नाणी काढून घ्या, तिजोरीतून नवी बाहेर येतात. सामू जागचा हलत नाही. म्हणून चोपण जमिनीवर आम्ल ओतत नाहीत, जिप्सम टाकतात. जिप्समचा कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम विरघळणाऱ्या सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जातो. अर्थात खाली जायला वाट असेल तर. निचऱ्याचे चर न काढता जिप्सम टाकणे म्हणजे केर काढून दारात ठेवणे.

जिप्सम किती टाकायचे, याचे उत्तर सामू देत नाही. ते उत्तर आजही ब्युरेटमधूनच येते. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत शूनोव्हर यांनी सांगितलेली पद्धत आपल्या प्रयोगशाळांतही चालते. ५ ग्रॅम माती १०० मिलिलिटर संपृक्त जिप्समच्या पाण्यात हलवायची. मातीने जेवढा कॅल्शियम ओढून घेतला, तेवढा पाण्यात कमी होतो. गाळलेल्या पाण्यातले ५ मिलिलिटर घ्यायचे आणि उरलेला कॅल्शियम ईडीटीए या द्रावणाने अनुमापन करून मोजायचा. या अनुमापनात पात्राचा सामू अमोनियाच्या द्रावणाने मुद्दाम १० वर बांधून ठेवलेला असतो, कारण त्यावरच एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा रंग स्पष्ट दिसतो. ‘किती तीव्र’ स्थिर ठेवून ‘किती’ मोजायचे. सोरेनसेन आणि मोर दोघेही एकाच पात्रात.

हिशेब असा. ईडीटीए ०.०१ नॉर्मल असेल, तर मातीविना आलेले वाचन आणि मातीसह आलेले वाचन यांच्यात १ मिलिलिटरचा फरक म्हणजे १०० ग्रॅम मातीमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट जिप्समची गरज. एकरी १५ सेंटिमीटर खोलीसाठी एका मिलिइक्विव्हॅलंटला शुद्ध जिप्सम लागते सुमारे ७८० किलो. म्हणजे ब्युरेटच्या एका थेंबाची चूक, ०.०५ मिलिलिटर, एकरी दीडशे किलोंहून अधिक, पन्नास किलोंची तीन पोती. पात्रातला रंग मद्यासारखा लाल असतो. शेवटच्या थेंबाला तो जांभळ्यातून निळा होतो, आणि त्या थेंबानंतर तोटी बंद करून वाचन लिहून घ्यायचे असते.